फटींचं टेबल

ईट, मंगळवार, १७ एप्रिल १९४५

पोचलो एकदाचा. बार्शीपासून बैलगाडीत दीड दिवस, आणि सगळा वेळ मायक्रोफोनची पेटी मांडीवर. बाळंतीणसुद्धा लेकराला एवढं जपत नसेल. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी, म्हणजे जकात नाक्यावरच्या कारकुनानं सगळं सामान उघडायला लावलं. गाणं धरून ठेवायचं यंत्र आहे म्हटल्यावर म्हणे, मग वाजवून दाखवा. कोऱ्या तबकडीतून गाणं कुठून यायचं? शेवटी मीच भसाड्या आवाजात दोन ओळी म्हटल्या, तेव्हा त्यानं हसत हसत शिक्का मारला.

आण्णासाहेब देशमुख इथले मोठे जमीनदार. शिकले हैदराबादेत, आणि गाण्याचं वेड तिथूनच घेऊन आले. गावातल्या बायका जात्यावर ओव्या म्हणतात, त्या तबकड्यांवर उतरवायच्या आणि हैदराबादच्या मित्रमंडळींना ऐकवायच्या असा त्यांचा बेत आहे. काम मनासारखं झालं तर ती मंडळी तिथं गाणी उतरवायची कायमची खोली उभारणार आणि ती माझ्या हवाली करणार, असा शब्द मिळालाय. सोलापुरात ग्रामोफोनच्या दुकानात सुया बदलण्यात माझी दहा वर्षं गेली. धोंडप्पा, आता तुझे दिवस आले, असं मी गाडीतच स्वतःला तीनचारदा सांगून घेतलं.

रात्री ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी. झोप छान लागेल.

गुरुवार, १९ एप्रिल

खोली मिळाली आहे गावाबाहेरची, पूर्वी कापूस साठवायची. भिंती दगडी, वर मातीचं माळवद, खिडकी एकच. टाळी वाजवली की ती तीनदा परत यायची. दोन दिवस घाम गाळला. भिंतींवर गोधड्या टांगल्या, जमिनीवर पोती अंथरली, कोपऱ्यांत कडब्याच्या पेंढ्या रचल्या. आता टाळी जिथल्या तिथं बसते. गावकरी येऊन बघून जातात. मास्तर खोलीला थंडी वाजतीय का, असं एकानं विचारलंसुद्धा.

राहिलं टेबल. टेबल म्हणजे चार पाय नि एक फळी, असं लोकांना वाटतं. गाणारीचा आवाज मायक्रोफोनकडे सरळ येतो, आणि टेबलावर आपटूनही येतो, पण जरासा उशिरा. दोन्ही मिसळले की बाई रांजणात तोंड घालून गातेय असं वाटायला लागतं. माझी वायर आखूड, त्यामुळं यंत्र आणि मायक्रोफोन एकाच टेबलावर ठेवणं भाग आहे. आण्णासाहेबांचं शिसवी टेबल आणून पाहिलं, रांजण. शाळेचं पाहिलं, ते डुगडुगतं, सुई रेघ सोडते. चौकीतलं लोखंडी टेबल तर घंटेसारखं घणघणलं. नवं करावं तर लढाईपायी चांगलं लाकूड कुठं मिळत नाही. लाख चढवलेल्या कोऱ्या काचेच्या तबकड्या मोजून चाळीस. एकही वाया घालवून चालणार नाही.

लोक मला चिकित्सक म्हणतात. म्हणोत. देवानं मला रूप दिलं नाही, पण कान दिलेत.

रविवार, २२ एप्रिल

टेबल मिळालं.

कोंडीराम सुताराच्या मांडवात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. पुरुषभर लांब. वर सलग फळी नाही, पट्ट्या, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. पाय चांगले जाडजूड, त्यातला एक निखळलेला. लाकूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळं आणि मऊ पडलेलं. मी त्याच्यावर वाकून चुटकी वाजवली. आवाज फटींतून खाली गेला आणि परत आलाच नाही. असं टेबल मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

कोंडीरामनं रंधा थांबवला. त्येला हात लावू नका मास्तर, म्हणाला, त्यो मशिदीचा तख्ता हाय. मुसलमान वस्तीत कुणी गेलं की त्याच्यावर निजवून शेवटची आंघोळ घालतात. पाणी अंगाखाली साचू नये, म्हणून त्या फटी. पाय बसवायचं काम तासाभराचं आहे, संध्याकाळी नेऊन ठेवणार होता.

मी विचारलं, नाही नेला तर मागायला कोण येईल? तो म्हणाला, कुणीच नाही. तख्ता झाला का असं विचारणं म्हणजे मरणाला आवतण देणं, असं इथं सगळेच मानतात. सुतारानं आपणहून न्यायचा आणि मुकाट ठेवून यायचं.

हे ऐकून मनात पाल चुकचुकायला हवी होती. मला उलट हायसं वाटलं. मी त्याला म्हटलं, पंधरा दिवस दे, पंधरा दिवसांत कोण मरतंय? तो तयार होईना. मग मी माझ्या पेटीतलं विलायती करवतीचं पातं काढलं. लढाई लागल्यापासून असं पातं त्याच्या दृष्टीस पडलं नव्हतं. त्यानं ते बोटावर वाकवून पाहिलं, परत सोडलं, पुन्हा वाकवलं. पाय तिथंच बसवून घेतला आणि गाडीत कडब्याखाली घालून आम्ही तख्ता खोलीवर आणला. वरून जमिनीपर्यंत लोंबणारी काळी घोंगडी टाकली. घोंगडी आवाजालाही बरी.

कुणाचं काही नुकसान नाही. पंधरा दिवसांनी जागच्या जागी जाईल.

गुरुवार, २६ एप्रिल

आज पहिल्या तबकड्या उतरवल्या. सरदारबी म्हणून साठीच्या बाई आहेत. जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात तर त्यांनी, असं सगळा गाव सांगतो, हिंदूंच्या लग्नातसुद्धा हळद दळायला त्यांना मानानं बोलावतात. बरोबर त्यांची सून शरिफाबी, बाविशीची असेल. खोलीतच जातं मांडलं. खुंट्याला दोघींचे हात, आणि सरदारबींनी गळा मोकळा सोडला. मी कानाला भोंगा लावून बसलो होतो. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. जात्याची घरघर, बांगड्या, गळा, सगळं आपापल्या जागी. माझे डोळे भरून आले हे इथं लिहायला हरकत नाही.

ओवी संपली तशी शरिफा हसायला लागली. अम्मा, तुमी तर राणीवानी बसलाव, म्हणाली. तेही तबकडीवर आलं. मी ते राहू दिलं.

दुपारी जेवताना आण्णासाहेबांनी सहज सांगितलं की वस्तीतल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचं कामही सरदारबींचंच. तीस वर्षं त्याच करतात. दुसऱ्या कुणाला ते येत नाही, म्हणून आता सुनेला शिकवतायत. हातातली भाकरी मी ताटात परत ठेवली. सकाळभर त्या तख्त्यापासून हातभर अंतरावर बसून त्या गात होत्या, आणि घोंगडीचं टोक पायाला लागलं तसं त्यांनी ते नीट करून ठेवलं होतं.

रविवार, २९ एप्रिल

दोन दिवसांत आणखी बायकाही गाऊन गेल्या. आज झालेल्या बाराही तबकड्या पुन्हा ऐकल्या. जास्त ऐकल्या की त्या झिजतात, पण राहवेना. गाण्याच्या मागं काहीतरी आहे. आधी वाटलं सुईची खरखर. मग नीट ऐकलं. पाणी आहे. कुणीतरी थोडं थोडं ओततंय आणि ते लाकडावरून खाली गळतंय.

खोलीत माठ होता, तो बाहेर ठेवला. माळवदावर चढून पाहिलं, सगळं कोरडं ठणठणीत. एप्रिलातलं ऊन, पाणी येणार कुठून? उतरवताना मी कान लावून बसलो होतो, तेव्हा पाणी नव्हतं. ते फक्त तबकडीवर आहे.

यंत्राचाच काही दोष असणार. उद्या खोलून बघतो.

बुधवार, २ मे

यंत्रात दोष नाही.

गावात पटकी आली आहे. वेशीजवळच्या दोन घरांत माणसं गेली, दोन्ही हिंदू. विहिरीत औषध टाकलं. आण्णासाहेबांनी बाया गोळा करू नका म्हणून सांगितलं, पण हैदराबादची मंडळी शनिवारी ठरल्याप्रमाणं येणार आहेत. त्यांना याच खोलीत बसवून ऐकवायचं. माझं सगळं शनिवारवर आहे.

कोंडीराम संध्याकाळी येऊन दारात उभा राहिला. तख्ता नेतो म्हणाला. मी म्हटलं, फक्त शनिवारपर्यंत. तो मागच्या मागं निघून गेला.

शुक्रवार, ४ मे

लिहायचं टाळत होतो. लिहितो.

शरिफाबी गेली. काल रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी आठला संपलं. कोंडीराम धावत आला. तिचा नवरा चाँदपाशा मशिदीत गेला होता, तख्ता नाही, म्हणून याच्या मांडवात आला. कोंडीराम त्याला थांबवून मागच्या वाटेनं माझ्याकडं आला. मास्तर, आता द्या, म्हणाला. 

दिवसाउजेडी तख्ता इथून निघाला तर तो कुठं होता हे सगळ्या गावाला कळणार. मंडळी उद्या यायची. आणि तख्ता हलला की माझी सगळी मांडणी मोडली. हे तीनही विचार माझ्या डोक्यात आले, आणि याच क्रमानं आले, हे मला लख्ख आठवतंय. मी कोंडीरामला सांगितलं, पाय अजून बसला नाही म्हणून सांग. तो जागचा हलेना. मी म्हटलं, पातं घेताना बरं वाटलं ना? मग गेला.

त्यांनी घराच्या दाराची एक फळी उतरवली आणि तिच्यावर निजवून तिला आंघोळ घातली. फळी सपाट. पाणी खाली जाईना, अंगाखालीच साचत राहिलं. पटकीचं मढं म्हणून बाया भिऊन लांब उभ्या, सरदारबी एकट्या. कूस वळवायला दुसरे हात नव्हते. पुरुष बाहेरून घाई करत होते. हे मला कोंडीरामनं सांगितलं. त्याला मी विचारलं नव्हतं.

मी जेवलो नाही, एवढंच आज माझ्याकडं लिहिण्यासारखं आहे.

शनिवार, ५ मे

मंडळी आली नाहीत. पटकीची बातमी ऐकून बार्शीहूनच परतली. आण्णासाहेबही सगळं घर घेऊन बार्शीला निघून गेले. तबकड्या नीट ठेवा, असा निरोप ठेवला आहे.

म्हणजे कशासाठी? कुणासाठी मी नाही म्हटलं?

तख्ता आता तरी परत द्यावा. पण आज दिला तर चाँदपाशा विचारणार, काल कुठं होता? कोंडीरामला म्हटलं, चार दिवस जाऊ दे. तो म्हणाला, मास्तर, तुमी लई शिकल्याली मानसं. आणि थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला.

सोमवार, ७ मे

सरदारबी आल्या होत्या. काल शरिफाचं तिसऱ्या दिवसाचं झालं. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावर बसल्या. त्यांना गायचं नव्हतं. त्या दिवशी शरिफा हसली ते तुमच्या मशिनमधी हाय ना, म्हणाल्या, तेवढं एकदा ऐकवा. हसणं विसराय लागले म्या.

मी यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. बरं, उद्या येते, म्हणाल्या. जाताना मला विचारलं, बाबा, जेवतोस का नीट, गालफडं बसलीत तुझी.

त्या गेल्यावर ती तबकडी लावली. निदान आधी आपण ऐकावं म्हणून.

ओवी. जातं. हसणं. राणीवानी बसलाव. उतरवताना मी तिथंच सुई उचलली होती, पुढं रेघच नाही. आज तबकडी पुढं चालू राहिली. पाणी ओतलं. थांबलं. आणि मग शरिफाचा आवाज, हळू, कुणाला त्रास नको अशा बेतानं:

अम्मा, पाठ ऱ्हायली.

ही तबकडी सव्वीस एप्रिलची आहे. तेव्हा ती जिवंत होती. माझ्यासमोर बसली होती.

मंगळवार, ८ मे

सगळ्या तबकड्यांवर आहे. ज्या बायका तिच्यासोबत कधी आल्याच नव्हत्या त्यांच्या गाण्यांवरसुद्धा. गाणं संपतं, पाणी येतं, मग ती. रागानं म्हणत नाही. रागावली असती तर सोसलं असतं. ती नुसती आठवण करून देते, आणि थांबते. कुणीतरी ओतील म्हणून थांबते, हे कळतं ऐकताना.

तख्त्याखालचं पोतं ओलं आहे. घोंगडी उचलून पाहिली. पट्ट्या कोरड्या. खाली मात्र थेंब थेंब पडतंय, भर दुपारी बारा वाजता, आणि खोलीत कापराचा वास. पोत्यावर बोरीची पानं. ही पानं इथं कुणी आणली? आंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला घालतात म्हणे.

सरदारबी आल्या. अजून बिघडलेलंच आहे, म्हटलं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

मी काय करून बसलो —

बुधवार, ९ मे

तबकड्या फोडल्या. सगळ्या. अंगणात दगडावर. एकच ठेवली, हसण्याची. ती फोडायला हात उचलला, पण सरदारबींना काय सांगणार?

फोडून काही झालं नाही. आता यंत्र बंद असतं तरी येतं. टेबलाशी बसलो की येतं. मी ही रोजनिशी त्याच टेबलावर लिहितो. शाई पसरतेय, कागद ओला —

दुपारी कोंडीरामच्या घरी गेलो. सांगितलं, ने आता, जे व्हायचं ते होऊ दे, मी मशिदीत येऊन सगळ्यांसमोर सांगतो. त्याची बायको म्हणाली, ते औषध आणाय भूमला गेल्यात. उद्या येतील.

उद्या नक्की.

तिची पाठ राहिली. मी ठेवली.

गुरुवार, १० मे

सरदारबी सकाळीच आल्या. सूर्य नुकता वर आला होता. या वेळी उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. अनवाणी आत आल्या, बसल्या नाहीत, ऐकवा म्हणाल्या नाहीत. मीच तबकडी लावली. खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती.

हसणं झालं. पाणी झालं. अम्मा, पाठ ऱ्हायली. त्यांनी मान हलवली, नुसती होय म्हटल्यासारखी.

मग घोंगडीखाली हात घालून पट्ट्यांवरून फिरवला. तीस वर्षांची ओळख त्या लाकडाशी. मी म्हटलं, बी, मीच ठेवला होता. मागायला आले तेव्हाही मीच नाही म्हटलं. सुतारानं नाही, मी. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ठावं हाय बाबा. आधी पाणी ठेव.

चुलीवर मोठा हंडा ठेवला. बोरीचा पाला, कापूर, त्या सांगतील तसं. पाणी कोमट झालं. आत नेऊन दिलं. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, कडी बाहेरून लाव, कुणाला येऊ देऊ नको. मी लावली.

पायरीवर बसून लिहितोय. मन हलकं होईल असं वाटलं होतं.

आत पाणी ओततायत. आवाज फटींतून खाली जातो —

दोघी बोलतायत. शरिफा आणि त्या. शब्द कळत नाहीत. शरिफाचा आवाज आता वेगळा आहे. मागत नाही. शिकलेलं कुणी नीट करून दाखवावं तसा. उजवी कूस आधी. मग डावी. हे कळलं.

पण निजलेलं कोण आहे? ओततंय कोण?

माणसं येतायत. कोंडीराम पुढं. चाँदपाशा. मागं आणखी चार —

कोंडीराम म्हणाला, कडी काढा, तख्ता पाहिजे. सरदारबी गेल्या. रातीपासनं पटकी, तांबडं फुटताना जीव गेला. घरात निजवून ठेवलंय. बाया भोवती बसल्यात, पण आंघोळ घालायची कुणाला येत नाही. एक त्यांना यायची, एक शरिफाला.

मी म्हटलं, नाही, त्या आत आहेत. आत्ता आल्या. पाणी मी दिलं —

सगळे दाराकडं वळले. ऐकतायत. सगळ्यांना ऐकू येतंय, एकट्या मला नाही.

आतून शरिफा: पाठ ऱ्हाऊ देनार न्हाय म्या, अम्मा.

पाणी उंबऱ्याखालून बाहेर आलं. कोमट आहे. माझ्या पायाखाली —

आतून दार हलतंय. शरिफा पाणी कमी पडलं म्हणतेय. आणखी एक हंडा द्या म्हणतेय. चाँदपाशानं तिला ओ दिली. सहज, घरात देतात तशी. मग भान येऊन दारापासून मागं सरला.

तो मला विचारतोय, ही आत कधीपासून हाय. पुन्हा विचारतोय. मी सांगतो. ज्या दिवशी तू तख्ता शोधत सुताराकडं आलास त्या दिवसापासून, चाँदपाशा, तो इथंच होता, माझ्याकडं, आणि मी नाही म्हट